पाणी उलटंही येतं

पाणीपुरवठा खात्यात मी 34 वर्षं काढली. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस वरण-भात संपायच्या आत विचारतोच, “साहेब, आमच्याकडे पाण्याला फोर्स नाही हो, काय करावं?” डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, तसं माझ्यापुढे नळाचं गाऱ्हाणं काढतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या गप्पांमधूनच कळत गेलं की ज्या नळाशी आपली सकाळ सुरू होते, त्याच्याबद्दल चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांच्या मनातही काय काय समजुती असतात. काही समजुतींपायी नुसते पैसे जातात. एका समजुतीनं आमच्याच घरावर काय वेळ आणली होती, तेही सांगणार आहे. पण आधी फोर्सचं बघू.

माझे एक साडू तिसऱ्या मजल्यावर राहतात, वर लगेच गच्ची. शॉवरमधून पाणी रडतरडत येतं म्हणून त्यांनी 500 लिटरची टाकी काढून 2000 लिटरची बसवली. चार हमाल, दोरखंड, अर्धा दिवस. संध्याकाळी हौसेनं शॉवर सोडला, तर तो आपला तसाच! मला फोन करून म्हणाले, “एवढी मोठी टाकी, मग पाण्याचं वजन गेलं कुठं?” प्रश्न वेडगळ नाही. वजन वाढलं होतं खरं, पण ते गच्चीच्या स्लॅबवर वाढलं होतं, नळात नाही.

नळातला दाब ठरतो तो उंचीवर. नळाच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्याची पातळी किती वर आहे, एवढंच पाणी ओळखतं. 10 मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण 1 किलो दाब, म्हणजे मीटरला त्याचा दहावा हिस्सा. बोटाएवढ्या नळीत 10 मीटर पाणी उभं करा, नाहीतर तेवढ्याच खोलीचा तलाव घ्या, तळाशी दाब सारखाच. साडूंच्या शॉवरपासून टाकीतलं पाणी जेमतेम अडीच मीटर वर होतं, म्हणजे दाब पाव किलो. त्याच इमारतीत तळमजल्यावर तो 1 किलोच्या वर जातो. जुनीच टाकी चार फूट उंच लोखंडी घोड्यावर चढवली असती, तर त्यांचा दाब जवळजवळ दीडपट झाला असता, आणि खर्च कितीतरी कमी.

दुसरी समजूत, पाइप बारीक घेतला की फोर्स वाढतो. ही आली बागेतून. झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की चिळकांडी लांब जाते, हे सगळ्यांनी लहानपणीच बघितलेलं असतं. तिथे होतं असं की नळी मोकळी वाहते, तेव्हा बराचसा दाब नळीच्या आतल्या अंगाला घासण्यातच खर्ची पडतो. अंगठ्यानं वाट अडवली की वाहणं कमी होतं, घासणं कमी होतं, आणि वाचलेला दाब अंगठ्यामागे जमा होतो. चिळकांडी लांब जाते, पण पाणी मात्र कमीच येतं. बादली लावून बघा, भरायला जास्त वेळ लागेल. तेव्हा तोंडाशी अरुंद करणं निराळं आणि टाकीपासून येणारा अख्खा पाइप अरुंद घेणं निराळं. बारीक पाइपात सगळ्या लांबीभर घासणं आलं. मग खाली कुणी भांडी घासायला नळ सोडला की वर अंगाला साबण लावलेला माणूस ओरडायला लागतो.

उंचीचा हा हिशेब आपल्याकडे जुना आहे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं ते निव्वळ उतारावर. पंप नाही, काही नाही. दगडी बांधीव नळातून ते शहरातल्या हौदांत येई, शनिवारवाड्यात पोचे. त्या नळावर उभे झरोके ठेवलेले होते, त्यांना उच्छ्वास म्हणत. किती नेमका शब्द! बंद नळात हवा अडकली की पाणी अडतं, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. आज गच्चीवरच्या टाकीतून निघणाऱ्या पाइपवर एक उघड्या तोंडाचा उभा तुकडा असतो, तो हाच उच्छ्वास. “उघडा कशाला, पाल पडेल” म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग आहेत. पुढे लाइनमध्ये हवा धरली म्हणून प्लंबरला बोलावतात तेही हेच. पालीसाठी जाळी बांधावी. सेप्टिक टँकच्या पाइपलाही तसंच, बूच नको, जाळी हवी, म्हणजे डासही अडतात आणि आतला वायूही कोंडत नाही.

किरकोळ समजुती भराभर सांगतो. नळ ठिबकतो म्हणून तो आणखी जोर लावून पिळायचा, ही एक. जुन्या पद्धतीच्या नळात आत रबराचा वायसर असतो, आणि जोरानं पिळला की तो चिरडून आणखी ठिबकतो. वायसर काही रुपयांत येतो, पण पीळ देणारा हात आवरत नाही. सेकंदाला एक थेंब आणि 20 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर होतात. वाईटच, पण घरातला खरा चोर फ्लशची टाकी असते, कारण ती आवाज न करता गळते. टाकीत थोडी नीळ टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश ओढू नका. भांड्यात निळं उतरलं, तर टाकी गळते आहे.

नळाचं पाणी दुधासारखं पांढरं आलं की “आज पावडर जास्त टाकली” म्हणून खात्याला शिव्या मिळतात. ग्लास भरून समोर ठेवा. पांढरेपणा खालून वर निवळत गेला तर ती नुसती हवा आहे, बारीक बुडबुड्यांची. खाली गाळ बसला तर मात्र तक्रार करा, आणि करायलाच हवी.

गीझरच्या झडपेतून पाणी ठिबकतं म्हणून ती एम-सील लावून बंद केलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि पाहून दोन पावलं मागे सरकलो आहे. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटरच्या गीझरमध्ये 20 अंशांचं पाणी 70 अंशांपर्यंत तापलं तर पाव लिटरहून जास्त वाढ होते. हे वाढलेलं पाणी झडप बाहेर सोडते. ती गळत नसते, तुमच्या घराची राखण करत असते. सतत धार लागली तर माणूस बोलवा, पण झडपेचं तोंड कधीही बांधू नका.

आता मोरीकडे येऊ. इथे सगळ्यांची समजूत अशी की पाणी टाकलं, गेलं, संपलं. जाणारा रस्ता एकतर्फी. तो तसा नसतो. ज्या पाइपातून तुमचं पाणी खाली जातं, त्याच पाइपातून गटारातली हवा, वास आणि झुरळं वर यायला उभी असतात. त्यांना अडवतं काय? जाळी नव्हे. त्यांना अडवतं ते जाळीखालच्या वाकड्या भांड्यात साठलेलं चार-पाच सेंटीमीटर पाणी. पाण्याचं बूच म्हणा हवं तर. ही युक्ती 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीनं संडासाच्या भांड्यासाठी पेटंट म्हणून नोंदवली. आपल्याकडे मोरीतल्या या भांड्याला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी थेट इंग्रजी पुस्तकात जाऊन बसली. प्लंबर तिला ‘नानी ट्रॅप’ म्हणतात आणि दुकानाच्या बिलावरही तसंच येतं.

तर या नानीचं पाणी आटलं की दार उघडं. उन्हाळ्यात महिनाभर घर बंद ठेवून गावी जाऊन आलं की घरात घाण वास येतो, आणि आपण ड्रेनेज तुंबलं म्हणून धावपळ करतो. एक तांब्या पाणी ओतलं की काम होतं. जातानाच पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडलं तर ते लवकर आटतही नाही. काही जण पाणी सावकाश जातं म्हणून ट्रॅपमधली वाटी काढून टाकतात, मग पाणी झपझप जातं आणि वासही झपझप येतो. तुंबलेल्या मोरीत ॲसिड ओतणं हा आणखी एक उद्योग. त्यानं सांधे खराब होतात, आणि आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

सुकलेल्या ट्रॅपची गोष्ट वासापुरतीच असती तर मी एवढं बोललो नसतो. 2003 साली सार्सच्या साथीत हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत 300 हून जास्त लोकांना लागण झाली. उंच इमारती, एकावर एक न्हाणीघरं. तपासात असं दिसलं की लोक तिथली फरशी धूत नसत, पुसून घेत, त्यामुळे कित्येक घरांत जमिनीवरच्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं होतं. त्यात न्हाणीघराचा हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की आतला दाब कमी होई, आणि मैल्याच्या पाइपातली दूषित हवा, बारीक तुषारांसकट, त्या सुक्या ट्रॅपमधून घरात ओढली जाई. पंखा आपला बिचारा हवा बाहेर टाकत होता. पण बाहेर टाकण्यासाठी त्याला कुठून तरी आत घ्यावीच लागणार ना!

हे नीट लक्षात ठेवा, कारण आता मी माझ्या घरातल्या मोटरचं सांगणार आहे.

आमची इमारत तळमजला अधिक तीन मजले, 12 घरं. पाणी सकाळी 6 ते 8. स्वयंपाकघरातला नळ थेट रस्त्यावरच्या लाइनचा, बाकी सगळं गच्चीवरच्या टाकीचं. पुढे शहर वाढलं, लाइनचा दाब उतरला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी आपल्या नळजोडाला जिन्याखाली छोटी मोटर बसवली. त्यांना पाणी आलं, खालच्यांचं गेलं. मग खालच्यांनी बसवली. अशा सात मोटरी झाल्या. थेट लाइनवर मोटर लावायला मनाई असते, लावली तर ती जप्त होऊ शकते, हे मला पक्कं माहीत होतं. मी नोकरीत असताना दुसऱ्यांच्या जप्त केल्या होत्या. पण घरी रोज ऐकावं लागे, “अहो, तुम्ही खात्यातले आणि आपल्याच घरी पाणी नाही!” 2007 साली मीही अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणली. आठवी मोटर माझी.

मोटरबद्दलची समजूत अशी की ती फार तर शेजाऱ्याचं पाणी ओढते. लबाडी आहे, पण धोका नाही. मीही स्वतःची तशीच समजूत घातली होती. पाइपात पुरेसा दाब असतो तेव्हा त्याला भोक पडलं तर पाणी बाहेर येतं. पण लाइनमध्ये पाणी कमी आणि मोटरीची ओढ जास्त झाली की पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. मग त्याच भोकातून बाहेर जे असेल ते आत येतं. माती असेल तर माती, गटार असेल तर गटार. आपल्या शहरांत घरजोडणीचे पाइप गटारं ओलांडून, कित्येक ठिकाणी गटारातूनच गेलेले असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

2009 सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तळमजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला कावीळ झाली. सगळे म्हणाले, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. दहा दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या बाईंना झाली, आणि त्या बाहेरचं काही खात नसत. रक्त तपासलं, हिपॅटायटिस ई निघाला. डॉक्टरांनी मला विचारलं, “इमारतीत कुणी गरोदर आहे का?” ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, पण गरोदरपणात, त्यातही शेवटच्या महिन्यांत, ती बाईच्या जिवावर उठते. आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. सातवा महिना.

मी त्याच सकाळी नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी केली. द्रावणाचे थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं, आणि घरात येणाऱ्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असावं अशी अपेक्षा असते. पाणी छान पिवळं झालं. चाचणी नीट झाली म्हणून हायसं वाटलं, ते तासभरच टिकलं. हा विषाणू शरीरात शिरल्यावर दोन ते आठ-नऊ आठवड्यांनी कावीळ दिसते. मी तपासत होतो ते आजचं पाणी. माणसं आजारी पडली होती महिन्या-सव्वा महिन्यापूर्वीच्या पाण्यानं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खात्यातले दोन जुने फिटर बोलावले. रस्त्याकडेच्या गटारातून आमचे चार नळजोड गेलेले होते, जीआय पाइप, वीस वर्षांचे. गटाराच्या त्या तुकड्याला दोन्हीकडून वाळूची पोती लावून पाणी अडवलं आणि त्यात नीळ कालवली. पाणी सुटायच्या आधी, 6 ला पाच मिनिटं कमी असताना, लोक सवयीनं मोटर सुरू करतात, तशीच एकेक सुरू केली. पहिल्या तिघांच्या नळाला काही नाही. चौथ्याची बादली निळी झाली. चौथी मोटर माझी होती.

आमचा पाइप त्या मुलाच्या आणि त्या बाईंच्या पाइपाबरोबर एकाच जोडावरून निघत होता. भोक जोडाच्या अगदी लगत, टाचणी जाईल एवढं. पाणी चालू असताना त्यातून धार गटारात जायची, आणि गटारात पडणारं पाणी कुणाला दिसणार? आमची मोटर सुरू झाली की तेच भोक उलटं प्यायचं, आणि मागाहून मोठ्या लाइनचं पाणी आलं की जोडात साचलेलं ते पाणी तिन्ही घरांत वाटलं जायचं. आमच्या घरी पिण्याचं पाणी उकळायची पद्धत होती. चांगली खळखळ उकळी आली की हा विषाणू मरतो. आम्ही वाचलो ते बहुधा त्यामुळे. पण डाळ-तांदूळ धुणं, कोशिंबिरीची काकडी धुणं, चूळ भरणं हे सगळं त्याच नळावर. घरात फिल्टर असला की झालं, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, चूळ कुठल्या पाण्यानं भरता?

मी त्याच दिवशी सोसायटीची बैठक बोलावली आणि नीळ कुणाच्या बादलीत आली ते सांगितलं. कुणी फारसं बोललं नाही. तळमजल्यावरच्या मुलाची परीक्षा बुडाली होती. त्याचे वडील उठून गेले आणि पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. साठ दिवस मोजायचे होते. माझी बायको रोज सकाळी लेकीला खिडकीशी नेऊन तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायची. लेकीला वाटायचं, आई अंगातलं रक्त कमी झालंय का ते बघते. चोपन्नाव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगा झाला, दोघंही सुखरूप.

आठही मोटरी काढल्या. जिन्याशेजारी जमिनीखाली टाकी बांधली, गटारापासून जमेल तेवढी दूर, झाकणाची कड जमिनीपासून वीतभर वर. लाइनचं पाणी आपल्या दाबानं त्या टाकीत पडतं आणि तिथून मोटर ते गच्चीवर चढवते. मोटर तीच, माझी अर्ध्या हॉर्सपॉवरची. आता ती टाकीतून ओढते, लाइनमधून नाही. नवा पाइप गटाराच्या वरून नेला, दिसेल असा.

टाकी बांधणाऱ्या प्लंबरनं पाणी पडताना आवाज होऊ नये म्हणून लाइनचा पाइप थेट तळापर्यंत खाली सोडला होता. बादलीत किंवा पिंपात नळी बुडवून ठेवतो, तसा. लाइन रिकामी झाली की असा बुडालेला पाइप टाकीतलं पाणी परत लाइनमध्ये ओढतो, म्हणजे आमचं पाणी रस्त्यापलीकडच्या घरांत. मी तो टाकीच्या भरलेल्या पातळीच्या चार बोटं वर कापायला लावला. पहाटे 6 ला पाणी सुटलं की ते धो-धो पडतं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी झोपमोड होते म्हणून दोनदा लेखी तक्रार केली. आवाज अजून येतो.